तव्यावरची माकली आणि हातातला नारळ

गेल्या अंकात मी हाँगकाँगच्या हॉटेल किचनमधल्या माझ्या दिवसांबद्दल लिहिलं आणि शेवटी एका ओळीत म्हटलं की तिथे बोलतात त्या कँटोनीज भाषेबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, तर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज मिळून एवढे आले की सगळ्यांना उत्तर देणं या पानात शक्य नाही. बहुतेक पत्रं आपल्या किनाऱ्यावरचीच, देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी, मालवण, आणि बहुतेकांच्या घरातलं कुणीतरी जहाजावर आहे नाहीतर तिकडे कामाला आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले त्यातले पाच घेतोय.

प्रश्न : मी जहाजावर मोटरमन आहे, सध्या सुट्टीवर देवगडला घरी आलोय. आमच्या बोटीवर हाँगकाँगचे तिघेजण आहेत, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून मोबाईलवर कँटोनीज शिकतोय. ॲपमध्ये शब्दांची यादी आहे, एका बाजूला शब्दशः अर्थ, दुसऱ्या बाजूला खरा अर्थ. माकली परतणे म्हणजे नोकरीवरून काढणे, विमान सोडणे म्हणजे भेटायचं ठरवून न जाणे, लिंबू खाणे म्हणजे मुलीने नाही म्हणणे, असं. पाठ करतो आणि आठ दिवसांत सगळं उडून जातं. शब्दशः अर्थ सोडून देऊन नुसता खरा अर्थ पाठ केला तर चालेल का?

नको दादा, तसं अजिबात करू नका. शब्दशः अर्थ हाच तर तुमचा खुंटा आहे, तो उपटला तर दावं बांधणार कशाला?

आधी हे बघा की आपणही हेच करतो. कुणाला कामावरून काढलं तर आपण म्हणतो त्याला नारळ दिला. आता नारळ आणि नोकरी यांचा संबंध कुणा परक्या माणसाला यादीतून कळेल का, नाही कळणार, पण निरोप देताना हातात नारळ ठेवतात हे ज्याने बघितलंय त्याला पाठ करावं लागत नाही. माकलीचं तसंच आहे. कँटोनीजमध्ये म्हणतात छाउ यौ यू, छाउ म्हणजे परतणे आणि यौ यू म्हणजे माकली, आपल्याकडे कुणी म्हाकूल म्हणतं, इंग्रजीत स्क्विड.

मी किचनमध्ये लागलो तेव्हा हा शब्द दुसऱ्याच आठवड्यात कानावर पडला, एका पोऱ्याला काढलं होतं आणि सगळे हळू आवाजात छाउ यौ यू, छाउ यौ यू करत होते आणि मला वाटलं ऑर्डर आली. आमच्या मोठ्या आचाऱ्याने मला जवळ बोलावलं, एक माकली घेतली, उभी चिरून सपाट उघडली, आतल्या बाजूने आडव्यातिडव्या बारीक चिरा मारल्या आणि तुकडे करून कडकडीत तापलेल्या कढईत टाकले. दोन-तीन सेकंदांत तो सपाट पांढरा तुकडा कडेने उचलला गेला आणि गोल गोल वळून त्याची सुरळी झाली. आचारी ती सुरळी झाऱ्यावर धरून म्हणाला, बघ, अंथरूण. पूर्वी तिकडे दुकानात, कारखान्यात काम करणारा माणूस तिथेच झोपायचा आणि अंथरूण स्वतःचं न्यायचा, मालकाने जा म्हटलं की अंथरूण गुंडाळायचं आणि निघायचं. अंथरूण गुंडाळणे हा नोकरी जाण्याला जुना शब्द होताच, आणि परतलेली माकली दिसते तशीच.

हे ऐकलं आणि मला आमचं अंगण आठवलं. माझे बाबा मुंबईला गिरणीत होते, १९८२चा संप झाला आणि पुढे केव्हातरी ते एसटीतून उतरून चालत घरी आले तेव्हा एका हातात ट्रंक होती आणि खांद्यावर वळकटी, सुतळीने बांधलेली. आईने काही विचारलं नाही, वळकटी बघूनच तिला कळलं. कोकणातल्या माणसाला वळकटी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, म्हणून मी म्हणतो की तो शब्द आपल्याला हाँगकाँगच्या आजच्या पोरांपेक्षाही लवकर कळतो, कारण त्यांनी वळकटी बघितलेलीच नाही.

तर करायचं काय, यादीतला प्रत्येक शब्द घेऊन त्याचं चित्र बघायचं, जमलं तर खरंच करून बघायचं. सुट्टीवर आहात ना, मग मच्छी लिलावातून माकली आणा, आईला सांगा आज मी करतो, सपाट कापा, तव्यावर टाका आणि वळताना बघत मोठ्याने म्हणा छाउ यौ यू. परत विसरलात तर मला कळवा.

चित्रानंतर दुसरी पायरी म्हणजे कोण कुणाला म्हणतं ते लिहून ठेवायचं. विमान सोडणे, फोङ फेइ केइ, हे दोस्ताने दोस्ताला म्हणायचं, तू काल मला विमान सोडलंस, आम्ही तासभर उभे होतो. चीफ इंजिनीअरला म्हणायचं नाही. लिंबू खाणे, सिक निङ मुङ, त्याला चित्र शोधायची गरजच नाही, नकार मिळालेल्या पोराचं तोंड बघा.

आणि कोळंबीचा एक शब्द माझ्याकडून घ्या, ताइ थौ हा, मोठ्या डोक्याची कोळंबी, म्हणजे विसराळू, वेंधळा माणूस. सोलताना बघा, डोक्याचा भाग केवढा मोठा असतो आणि त्यात खायला निघतं काय. हा शब्द प्रेमाने म्हणतात, आई मुलाला म्हणते, डबा विसरलास ना ताइ थौ हा.

प्रश्न : कँटोनीजमध्ये सूर किती आणि इंग्रजी अक्षरात लिहिलेलं वाचायचं कसं? मी वाचतो ते समोरच्याला कळतच नाही. – कॉलेज विद्यार्थी, चिपळूण

सूर सहा. ज्युटपिङ नावाची लिहिण्याची पद्धत हाँगकाँगच्या भाषातज्ज्ञांच्या संस्थेने १९९३ साली केली, तीच धरा, त्यात प्रत्येक शब्दामागे १ ते ६ आकडा असतो तो सुराचा. सी हा एकच उच्चार सहा सुरांत म्हटला तर कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि काम असे सहा वेगळे शब्द होतात. माइ पाचव्या सुरात म्हणजे विकत घेणे, सहाव्यात म्हणजे विकणे, आता बाजारात उभं राहून यात चूक झाली तर काय होईल ते बघा. आणि मासा म्हणजे यू हा एरवी चौथ्या, खाली जाणाऱ्या सुरात, पण माकली किंवा खारवलेला मासा म्हणताना तोच यू दुसऱ्या, वर चढणाऱ्या सुरात जातो, म्हणून सुटा शब्द पाठ करू नका, जोडीत करा.

वाचताना तुमचं चुकतंय ते बहुतेक इथे: ज्युटपिङमधला बी म्हणजे आपला ब नाही, तो प आहे, डी म्हणजे त, जी म्हणजे क, जे म्हणजे य, आणि झेड म्हणजे आपल्या चांगल्या, चमच्यातला च. पी, टी, के हे फ, थ, ख यांच्या जवळचे, पण तो फ ओठ मिटून म्हणायचा. मराठी माणसाला हे सगळे वेगळे ऐकू येतात, इंग्रजीवाल्यांना त्यासाठी महिनोन् महिने लागतात. ङ हे अक्षर आपण बाराखडीत शिकलो आणि वाङ्मय सोडून कुठे वापरलं नाही, तिकडे मी म्हणजेच ङो. म्हणून माझं ऐका, वहीत शब्द देवनागरीत लिहा आणि वर सुराचा आकडा टाका.

प्रश्न : माझ्या मुलाने हाँगकाँगच्या मुलीशी लग्न केलंय, दोघं गणपतीला येऊन गेली. सून गुणी आहे, मी तिच्याकडून रोज पाच शब्द शिकते. बाजारात शिराळं दाखवलं तर ती म्हणाली आमच्यात याला जिंकणारं फळ म्हणतात. डुकराच्या जिभेला म्हणे डुकराचा नफा. हे सगळं ती हसत सांगते पण माझ्या वहीत काही बसत नाहीये, नफ्याचा आणि जिभेचा संबंध काय? – निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ला

ताई, तुमचं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की सगळ्यात आधी त्याचंच उत्तर लिहायला घेतलं होतं.

संध्याकाळी दिवा घालवायचा असतो तेव्हा तुम्ही काय म्हणता, विझव म्हणत नाही, मालव म्हणता, किंवा शांत कर. दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली. देवापुढे नारळ फोडला तरी म्हणताना वाढवला. आणि घरातून निघताना जातो म्हटलं तर तुम्हीच ओरडत असाल, येतो म्हण. म्हणजे अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, त्याच्या उलटा शुभ शब्द काढायचा. सुनेच्या माहेरी अगदी हेच आहे, फरक एवढाच की आपण क्रियापद बदलतो आणि ते आवाजावरून वस्तूचं नावच बदलतात.

जिभेचं घ्या. जिभेला जुना शब्द सित. पण त्याच उच्चाराचा, त्याच सुराचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ तोटा होणे. खाटकाच्या दुकानात सकाळी सकाळी गिऱ्हाईक येऊन म्हणणार मला तोटा द्या, कुणाला आवडेल? म्हणून तिला लेइ म्हणायला लागले, म्हणजे नफा. तोच प्रकार काळजाचा, काळीज म्हणजे कोन आणि कोरडं म्हणजेही कोन, आणि कँटोनीजमध्ये पैशाला पाणी म्हणतात, मग कोरडं म्हणजे खिसा रिकामा, म्हणून त्याचं नाव झालं यॉन, ओल्या-दमटवरून आलेलं. शिराळ्याचं मूळ नाव सी क्वा, त्यातला सी हरण्याच्या शब्दाजवळ जातो, मग त्याचं केलं सिङ क्वा, सिङ म्हणजे विजय. रिकाम्या जागेला रिकामी म्हणायची सोय नाही कारण रिकामा आणि अशुभ दोन्ही हुङ, त्यामुळे हाँगकाँगमध्ये भाड्याच्या खोलीवर पाटी असते ती शुभ घर भाड्याने देणे आहे अशी. आणि पंचांग, ते तर मला फार आवडतं, पुस्तक म्हणजे स्यू आणि हरणे म्हणजेही स्यू, म्हणून पंचांगाच्या नावातलं पुस्तक काढून तिथे विजय घातला, थुङ सिङ.

म्हणजे ताई, या शब्दांत खरा अर्थ जो शब्द बोलला जात नाही त्याच्यात लपलेला असतो. वहीत जिभेसमोर नुसतं नफा लिहाल तर बसणार नाही, शेजारी तो टाळलेला शब्दही लिहा, तोटा, मग बघा कसं बसतं. सुनेला आपली यादी पण सांगा, दिवा, बांगडी, नारळ. तिला तुमचं घर आपलं वाटेल.

आणि फोनवर तिला एकदा हे म्हणून बघा: माइ यू लोउ छुङ लॉङ. मासे विकणारा आंघोळ करतो. एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. पुढचा भाग तिने मनात पूर्ण करायचा, मोउ साइ सेङ हेइ, म्हणजे माशाचा वास अजिबात राहिला नाही, पण सेङ म्हणजे हिंवस वास आणि सेङ म्हणजे आवाज, त्यामुळे त्याचा दुसरा अर्थ होतो काही खबरबात नाही. बरेच दिवस फोन केला नाहीस गं, असं म्हणायचं ते असं. आपण नाही का नुसतं कोल्ह्याला द्राक्षं म्हणतो आणि आंबट समोरच्यावर सोडतो, नाचता येईना म्हणतो आणि अंगण सोडून देतो, तसंच. सासूच्या तोंडून हे ऐकून ती काय म्हणते ते मला नक्की लिहा.

प्रश्न : मी रत्नागिरीचा, जहाजावर डेकवर आहे. एकदा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, चिडला होता तर मी शिकलेले शब्द जोडून हाँगकाँगच्या सोबत्याला म्हटलं, त्याचे डोळे लाल झालेत. तो विचित्र बघायला लागला आणि विचारलं, कुणावर, कशासाठी? नंतर बाकीचे पण कुजबुजायला लागले. काय चुकलं?

तुम्ही मराठीत विचार केलात आणि कँटोनीज शब्द ठेवलेत, तिथेच घोटाळा झाला. आपल्याकडे डोळे लाल झाले म्हणजे रागावला. ङान हुङ, डोळे लाल, याचा तिकडे अर्थ मत्सर, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही तो. म्हणजे तुम्ही सांगितलंत की बोसन कुणावर तरी जळतोय, आणि बिचारे सगळे विचार करत बसले की कुणाला प्रमोशन मिळालं. बोसनच्या कानावर जायच्या आत सोबत्याला खरं काय ते सांगून टाका, मनात ठेवू नका, बोटीवर सहा महिने एकत्र काढायचे असतात.

यात शिकायचं ते हे, की चित्र सारखं असलं तरी अर्थ सारखा धरायचा नाही. विशेषतः शरीराचे अवयव आणि पाणी, या दोन ठिकाणी फार फसायला होतं. पाणी म्हणजे सॉय. आपण एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे तिचा नाद सोडला, एखाद्याला पाण्यात बघतो म्हणजे दुश्मनी. त्यांचं पाणी म्हणजे मुख्यतः पैसा, पाणी तोलून दे म्हणजे पैसे काढ, पाणी परत कर म्हणजे रिफंड दे, आणि एक ढेकूळ पाणी, यत कौ सॉय, म्हणजे शंभर डॉलर. पण पाणी फुंकणे, छॉय सॉय, इथे पैशाचा संबंध नाही, हे पाणी तोंडातलं, लाळ, त्याचा अर्थ गप्पा छाटणे, थापा मारणे. त्याच्या जवळचीच म्हण आहे, चहापेक्षा लाळ जास्त, म्हणजे बडबड्या, हौ सॉय तो क्वो छा, आणि यातला छा आणि आपला चहा एकाच मुळाचे.

तेल मात्र बिनधास्त वापरा. का यौ, तेल घाल, म्हणजे जोर लाव, हिंमत धर. परीक्षेला जाणाऱ्याला, मॅच खेळणाऱ्याला, आजारी माणसाला, कुणालाही चालतं. इंग्रजीत पण हे ॲड ऑइल म्हणून गेलं आणि २०१८ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी डिक्शनरीत घेतलं गेलं.

एक शब्द जपून. हाम यू, खारवलेला मासा. हाँगकाँगमध्ये लांताव बेटावर ताइ ओ म्हणून कोळ्यांचं गाव आहे, तिथे मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जायचो कारण दारादारात मासे वाळत घातलेले असतात आणि तो वास आला की हर्णैला उतरल्यासारखं वाटायचं. पण बोलीत हाम यू म्हणजे प्रेत. ज्याच्या घरी दुःख झालंय त्याच्यासमोर हा शब्द गमतीत काढायचा नाही. खारवलेला मासा जिवंत झाला असं मात्र खुशाल म्हणतात, संपला म्हणून सोडून दिलेला माणूस परत उभा राहिला की. आणि मला सगळ्यात जवळची वाटते ती ही म्हण, सिक तक हाम यू तै तक होत, खारा मासा खायचा तर तहान सोसायची तयारी ठेव. केलंस ना, मग परिणाम पण भोग. पावसात पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा ज्याने खाल्लाय आणि मग दुपारभर कळशीपाशी फेऱ्या मारल्यात त्याला यातलं काहीच समजवावं लागणार नाही.

प्रश्न : आमची तारकर्लीला छोटी खानावळ आहे. मार्चमध्ये हाँगकाँगचं एक म्हातारं जोडपं जेवायला आलं होतं. अख्खा सरंगा तळून दिला. वरची बाजू खाऊन झाली तेव्हा त्यांना जमत नसेल म्हणून मी मासा उलटून द्यायला गेले, तर आजोबांनी एकदम हात आडवा धरला. रागावले नाहीत, पण आजीच्या चेहऱ्यावर भीती दिसली. माझं काही चुकलं काय, अजून मनात आहे.

वहिनी, तुम्ही मायेने केलंत, ते त्यांना कळलं असणार. मासा उलटला म्हणजे होडी उलटली. तिकडच्या दर्यावर्दी लोकांत हे फार पक्कं आहे, पिढ्यान् पिढ्या होडीतच राहणारी माणसं होती, त्यांना सॉय सॉङ यन म्हणतात, पाण्यावरची माणसं, आणि त्यांच्याकडून ते सगळीकडे पसरलं, ज्यांनी कधी वल्हं धरलं नाही ते सुद्धा ताटातला मासा उलटत नाहीत. कुणास ठाऊक, ते आजोबा कोळ्याच्या घरातले असतील. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत, त्यांची दर्याची देवी थिन हौ, तिचा उत्सव त्यांच्या तिसऱ्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी असतो, होड्यांना पताका लावून जातात. समुद्रावर ज्यांचं पोट आहे त्यांची भीती सारखीच, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पुढच्या वेळी असं करा. वरची बाजू संपली की शेपटीकडून मधला काटा धरा, हळूहळू डोक्याकडे उचलत न्या, अख्खा निघतो, तो बाजूच्या बशीत ठेवा, खालची बाजू जागच्या जागी राहते आणि मासा हलत नाही. सरंग्याला हे छान जमतं, काटा सरळ असतो. मग वाटीत सोलकढी ओता आणि जाताना म्हणा मान मान सिक. मान म्हणजे सावकाश, सिक म्हणजे खा. आपल्या पंगतीत यजमान हात जोडून म्हणतो ना, सावकाश होऊ द्या, तेच.